आधी कानस, मग मशीन

माझे वडील फिटर. भोसरी एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये त्यांनी ३१ वर्षे काढली आणि २०२० साली लॉकडाऊनमध्ये ते वर्कशॉप बंद पडले तेव्हा घरी बसले. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. आमच्या घरात कॉम्प्युटरला हात लावणारी मी पहिलीच. तेव्हा हे लिहिताना मी कुणी मोठी जाणकार म्हणून लिहीत नाही, ठेच लागलेली मुलगी म्हणून लिहिते आहे. आपल्या बऱ्याच घरांत आता मुलाला नाहीतर मुलीला ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ शिकवायचे चालले आहे. त्यासाठी कुणी पतपेढीत अर्ज करते, कुणी बांगड्या गहाण ठेवते. त्यांना माझ्या चुकीचा उपयोग झाला तर व्हावा, एवढाच हेतू.

मी २०२१ साली रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले. वर्षभर नोकरी शोधली. मिळाली ती औषधाच्या दुकानात, ७ हजारांवर. त्याच सुमारास एका क्लासची जाहिरात पाहिली. चार महिन्यांत वेबसाइट बनवायला शिका, ‘फुल स्टॅक डेव्हलपर’ व्हा. फी ५५ हजार. आप्पांनी पतपेढीचे कर्ज काढले. जामीन राहिली माझी आत्या, जी स्वतः दोन घरांच्या पोळ्या करते. महिन्याचा हप्ता २,६०० रुपये. हे आकडे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जी घाई झाली ती या आकड्यांमुळे झाली.

वेबसाइट ज्या भाषेत हलती-बोलती होते तिचे नाव जावास्क्रिप्ट. आणि रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, व्ह्यू ही जी नावे नोकरीच्या जाहिरातीत दिसतात ती फ्रेमवर्कची. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. स्लॅब टाकताना आपण सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याने आणतो, प्रत्येक वेळी नव्याने घडवत नाही, तसे. (जाणकार लोक रिअ‍ॅक्टला फ्रेमवर्क न म्हणता लायब्ररी म्हणतात. तो वाद त्यांनी घालावा.) प्लेटा आणल्या म्हणजे काम झपाट्याने होते हे खरे. पण सिमेंट, वाळू, खडी कशी कालवायची हे ज्याला ठाऊक नाही त्याला प्लेटा देऊन उपयोग काय?

आमच्या क्लासमध्ये जावास्क्रिप्टला आठ दिवस मिळाले. तिसऱ्या आठवड्यात रिअ‍ॅक्ट सुरू. सर पडद्यावर लिहीत, आम्ही पाहून लिहीत असू. एखादा स्वल्पविराम राहिला की लाल अक्षरे यायची, सर येऊन दोन बोटांनी दुरुस्त करायचे, गाडी पुढे. अशा रीतीने चार महिन्यांत मी ऑनलाइन चपलांचे दुकान उभे केले. फोटो होते, किमती होते, पिशवीत टाकायचे बटण होते. आईला दाखवले तेव्हा तिला इतका अभिमान वाटला की तिने शेजारच्या मावशींना बोलावून आणले. सरांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे दिवसाला पाच बॅचेस होत्या आणि पालक विचारत ते एकच, “रिअ‍ॅक्ट शिकवणार ना?”

पहिली शंका आली ती आईच्या बचत गटामुळे. गटात बारा बाया. दर महिन्याला प्रत्येकीचे २०० रुपये. हिशेबाची वही आईकडे. मी म्हटले, तुला याचे पान बनवून देते. नावापुढे चौकट, चौकटीत रक्कम टाकायची, खाली बेरीज आपोआप. चपलांच्या दुकानातलाच सांगाडा उचलून मी ते दोन दिवसांत केले. आईने चष्मा लावून बारा वेळा २०० टाकले. खाली बेरीज आली ती अशी: शून्य, पुढे दोनशे, पुढे दोनशे, पुढे दोनशे, अशी ३७ आकड्यांची रांग. पडद्याच्या बाहेर गेली.

आई म्हणाली, “एवढे असते तर तुझ्या आत्याला जामीन कशाला ठेवलं असतं गं?”

मी हसले, पण आतून घाबरले. २,४०० च्या जागी हे आले कुठून ते मला कळेना. एका व्हिडिओत पाहिले, त्याने चौकटीच्या नावाआधी अधिकाचे चिन्ह लिहिले होते. मीही लिहिले. बेरीज बरोबर आली. का आली, हे मी विचारले नाही. कुणाला विचारणार? क्लास संपला होता.

मग एका मैत्रिणीचे नाव आठव्या बाईच्या खाली घालायला गेले. बटण दाबले, नाव दिसेना. पुन्हा दाबले, तरी नाही. मी ठरवून टाकले की रिअ‍ॅक्टच बिघडले आहे.

पुढच्या पाच महिन्यांत माझ्या चार मुलाखती झाल्या आणि चारही ठिकाणी मी पडले. शेवटची २०२३ च्या फेब्रुवारीत, हिंजवडीला. समोर बसलेले गृहस्थ सभ्य होते. माझे चपलांचे दुकान त्यांनी पाहिले, छान आहे म्हणाले आणि एक कोरा कागद पुढे सरकवला.

“मॅडम, दहा आकडे आहेत असं समजा. त्यातला सर्वांत मोठा शोधायचा. रिअ‍ॅक्ट नको. साधं जावास्क्रिप्ट.”

मी पेन धरून बसले. चार महिने चारशे ओळी लिहिल्या होत्या, पण कोऱ्या कागदावर पहिली ओळ कधी लिहिलीच नव्हती. शेवटी लिहिले, ‘मोठा बरोबर शून्य’. त्याच्यापुढे प्रत्येक आकडा शून्याशी ताडून पाहायचा, असे काहीतरी. लूपचा कंस कुठे संपतो ते आठवेना.

“आणि सगळे आकडे शून्याच्या खालचे असले तर? थंडीतलं लेहचं तापमान समजा. मग तुमचं उत्तर शून्य येईल, जे यादीतच नाही.”

मला बोलता येईना. ते म्हणाले, “तुम्ही मेहनती दिसता. आधी जावास्क्रिप्ट नीट शिका आणि परत या.” बस मिळेपर्यंत मी रडले नाही. बसमध्ये रडले.

रात्री आप्पांनी विचारले, “काय विचारलं त्यांनी?”

मी सांगितले. त्यांना कॉम्प्युटरमधले काही कळत नाही, म्हणून सोपे करून सांगितले. ते म्हणाले, “दहातला मोठा? ते तर आम्ही रोज करायचो. ढिगातून सर्वांत जाड तुकडा काढायचा असला तर पहिला तुकडा घ्यायचा, व्हर्नियर त्याच्यावर लावायचा आणि तिथंच ठेवायचा. मग एकेक तुकडा त्यात घालून बघायचा. जो जाणार नाही तो जाड. मग व्हर्नियर त्याच्यावर लावायचा. ढीग संपला की हातात राहील तो मोठा.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे तंतोतंत उत्तर होते. सुरुवात शून्यापासून नाही, पहिल्या तुकड्यापासून. लेहचे तापमान असो की लोखंड असो, कुठेही चुकणार नाही असे. आणि ते सांगणारा माणूस मोबाईलवर मेसेज टाकायलाही माझ्या भावाला हाक मारतो.

मग त्यांनी मला आयटीआयचे सांगितले. हे पूर्वी कधी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर मी ऐकले नव्हते. १९८४ साली त्यांना फिटर ट्रेडला प्रवेश मिळाला. दोन वर्षांचा कोर्स. त्यांना वाटले पहिल्या दिवशी मशीनवर उभे करतील. उभे केले शेगड्यासमोर. हातात कानस आणि लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा. तो घासून चौरस करायचा. आठवडेच्या आठवडे नुसते घासणे. हाताला फोड. तुकड्यावर गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरायचा. फटीतून केसाएवढा उजेड दिसला तरी मास्तर तो तुकडा भंगाराच्या पेटीत टाकायचे आणि नवा द्यायचे. बरोबरची दोन मुले कंटाळून पळाली.

“मलाही राग यायचा,” आप्पा म्हणाले, “पण पुढं कंपनीत आलो. आधी साधी मशीन होती, मग सीएनसी आलं. तेव्हा बटणं सगळ्यांनाच शिकावी लागली. ज्याला ड्रॉइंग वाचता यायचं, माप कळायचं, तो पंधरा दिवसांत शिकला. ज्याला जुन्या मशीनचा नुसता दांडाच फिरवता यायचा, तो तिथंच राहिला.”

दुसऱ्या दिवशी मी दोनशेपानी वही आणली. ठरवले की चार महिने फ्रेमवर्कचे नाव काढायचे नाही. सकाळी पुन्हा त्याच औषधाच्या दुकानात जाऊ लागले, कारण हप्ता थांबत नव्हता, आणि रात्री नऊ ते अकरा अभ्यास.

आता जरा कामाचे सांगते. क्लासला ५५ हजार गेले ते फ्रेमवर्कसाठी. पाया शिकायला मला जवळजवळ काहीच खर्च आला नाही. आमच्या जुन्या लॅपटॉपवर रिअ‍ॅक्टचे सामान उतरवायला शेकडो एमबी डेटा जायचा आणि मशीन हाशहुश करायचे. साध्या जावास्क्रिप्टला यातले काही लागत नाही. क्रोम किंवा फायरफॉक्स उघडावे, एफ-१२ हे बटण दाबावे, ‘कन्सोल’ नावाची खिडकी उघडते. तिच्यात एक ओळ लिहिली की लगेच उत्तर. इंटरनेट बंद असले तरी चालते. इंग्रजी वाचता येत असेल तर मोझिलाच्या ‘एमडीएन’वर या भाषेचे सगळे धडे फुकट आहेत. इंग्रजीची भीती असेल त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात पायथॉन, सी, जावा अशा भाषांचे धडे आहेत आणि त्यातले पुष्कळ मराठी आवाजातही आहेत. पहिली भाषा जावास्क्रिप्टच हवी असे नाही. चल, अट, लूप, फंक्शन या गोष्टी एका भाषेत कळल्या की दुसरीत ओळखू येतात.

मी एक नियम केला होता. ओळ चालवण्याआधी तिचे उत्तर काय येईल ते वहीत लिहायचे. मग चालवायचे. चुकले की का चुकले तेही लिहायचे. पहिल्या आठवड्यात वही लाल झाली.

त्याच आठवड्यात ३७ आकड्यांचे कोडे सुटले. चौकटीत आपण २०० टाइप करतो तेव्हा कॉम्प्युटरच्या लेखी तो आकडा नसतो, तो मजकूर असतो, जसा ‘शांताबाई’ हा मजकूर. अधिकाचे चिन्ह मजकुराला भेटले की बेरीज करत नाही, एकापुढे एक चिकटवते. वजाचे चिन्ह मात्र मजकुराला आकडा समजून घेते. म्हणून मजकुरातल्या ५ मध्ये १ मिळवला तर ५१ होतात आणि ५ मधून १ काढला तर ४. वाचून हसू येईल, पण ही भाषाच अशी घाईत जन्मली आहे. ब्रेंडन आइक नावाच्या माणसाने १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीसाठी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत केला. तिच्या खोडी नंतर काढता आल्या नाहीत, कारण तोवर लोकांनी पाने लिहून ठेवली होती आणि ती बंद पडून चालणार नव्हते. खोडी ठाऊक असल्या की त्या सांभाळून घेता येतात. व्हिडिओतल्या माणसाने लावलेले ते अधिकाचे चिन्ह मजकुराचा आकडा करत होते. बस, एवढेच होते ते.

न दिसणाऱ्या नावाचे कोडे सुटायला दीड महिना लागला. ते मला फार आवडते, म्हणून सविस्तर सांगते. रेशन कार्डाचे उदाहरण घ्या. समजा, कार्डात तुम्ही सुनेचे नाव आतल्या पानावर लिहिले. पण दुकानदार फक्त कव्हरवरचा नंबर बघतो. नंबर कालचाच, तेव्हा तो म्हणतो काही बदललेले नाही. आत नाव आहे, पण त्याच्या लेखी नाही. त्याला कळावे म्हणून नवे कार्ड काढावे लागते, जुनी सगळी नावे उतरवून आणि सुनेचे घालून. जावास्क्रिप्टमधल्या यादीचे असेच. यादी ज्या चलात ठेवतो त्यात खरोखर यादी नसते, तिचा पत्ता असतो. मी त्याच यादीत नाव कोंबत होते. रिअ‍ॅक्ट आत डोकावत नाही, कालची यादी आणि आजची यादी एकच आहे का तेवढे बघते. एकच होती. म्हणून त्याने पडदा बदलला नाही. रिअ‍ॅक्ट शहाणपणाने वागत होते, मीच त्याला शिव्या देत होते. हे रिअ‍ॅक्टच्या धड्यात तासभर समजावले असते तरी मला कळले नसते, कारण ते मुळात रिअ‍ॅक्टचे नाहीच. ते भाषेचे आहे.

ऑगस्टमध्ये मी आईच्या गटाचे पान पुन्हा लिहिले, रिअ‍ॅक्टशिवाय. दीडशेच्या आसपास ओळी झाल्या. प्रत्येक ओळ का आहे हे मला सांगता येत होते. पण एक त्रास झाला. एकीने पैसे भरले की तीन ठिकाणी बदल करावा लागे: तिच्या नावापुढे, खालच्या बेरजेत आणि ‘बाकी किती जणी’ या आकड्यात. मी दर वेळी एक तरी विसरायचे. आई म्हणायची, “वर अकरा भरल्यात म्हणतंय, खाली दोन बाकी म्हणतंय. मग तेरावी कोण?” असे चार-पाचदा झाल्यावर मला रिअ‍ॅक्ट कशासाठी केले असेल ते उमगले. माहिती एका जागी ठेवायची, ती बदलली की पडद्यावरच्या सगळ्या जागा त्याने जुळवून घ्यायच्या. क्लासमध्ये मला औषध दिले होते, पण दुखणे झालेलेच नव्हते. मग औषधाची किंमत कशी कळणार? आता कळली. रिअ‍ॅक्ट पुन्हा शिकायला मला तीन आठवडे लागले.

यावर कुणी म्हणेल की उलट्या वाटेने गेलेलेही यशस्वी होतात. होतात. माझ्या बॅचमधली एक मुलगी थेट रिअ‍ॅक्ट शिकून तिसऱ्या महिन्यात नोकरीला लागली. हुशार आहे, त्यात शंका नाही. पण तिचा मोठा भाऊ इंजिनीअर. अडले की ती रात्री त्याला विचारायची आणि तो तिला खालचे थर समजावून द्यायचा. म्हणजे पाया तिनेही शिकलाच, घरच्या माणसाकडून, रोज थोडा थोडा. ज्याच्या घरी विचारायला माणूस आहे त्याला घाई परवडते. माझ्या घरी असा माणूस नव्हता. आपल्या बहुतेक घरांत नसतो. रात्री अकरा वाजता लाल अक्षरे आली की आपल्याला आपल्या डोक्यात जे आहे त्याच्यावरच काढायचे असते. आणि खेदाची गोष्ट अशी की घाई आपल्यालाच जास्त असते. हप्ता आपल्याला असतो. ‘लवकर लावून देतो’ म्हणणारा आपल्याला खरा वाटतो, आणि पाया शिकवणारा वेळकाढू.

उलट टोकाचेही एक उदाहरण पाहिले आहे. ओळखीचा एक मुलगा दोन वर्षे पायाच शिकतो आहे. एक पुस्तक संपले की दुसरे. बनवले काहीच नाही. विचारले तर म्हणतो, अजून पक्के झाले नाही. माझ्या मते चार ते सहा महिने पुरेत, आणि त्यातही दुसऱ्या महिन्यापासून स्वतःच्या घरातले काहीतरी करायला घ्यावे. दुधाचा हिशेब, भिशी, क्रिकेटचा स्कोअर, काहीही. आप्पांचे मास्तरही जन्मभर कानस चालवायला लावत नव्हते.

२०२३ च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत बोलावणे आले. पहिलाच प्रश्न, “व्ह्यू येतं का?” मी म्हटले, “नाही. रिअ‍ॅक्ट येतं, आणि जावास्क्रिप्ट नीट येतं.” त्यांनीही कागद दिला. योगायोग असा नाही की तोच प्रश्न, पण जवळचा होता: यादीतला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा. मी आप्पांचा व्हर्नियर आठवला, आता दोन व्हर्नियर हातात धरले आणि लिहिले. मग मीच विचारले, “सर्वांत मोठा आकडा दोनदा आला असेल तर दुसरा कोणता धरायचा?” ते दोघे एकमेकांकडे बघून हसले. पगार १८ हजार. व्ह्यू मला कामावर असताना महिन्याभरात आले.

नोकरीत आल्यावर आणखी एक पाहिले. आमच्या कंपनीतले एक ज्येष्ठ सहकारी २००६ साली आलेली जेक्वेरी शिकून या धंद्यात आले. मग २०१० साली गूगलचे अँग्युलर-जेएस आले, त्यांनी ते शिकले. २०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट खुले केले. २०१६ मध्ये अँग्युलरची दुसरी आवृत्ती आली ती इतकी वेगळी की जुने ज्ञान पुष्कळसे वाया गेले, आणि जुन्या अँग्युलर-जेएसची देखभाल २०२१ अखेर थांबली. रिअ‍ॅक्टमध्येसुद्धा २०१९ मध्ये ‘हुक्स’ आल्यावर लिहिण्याची पद्धत पालटली. एवढ्या उलथापालथीत हा माणूस शांत. कारण या सगळ्यांच्या खाली तीच १९९५ ची जावास्क्रिप्ट आहे, वाढलेली, सुधारलेली, पण तीच.

आता नवे म्हणणे ऐकू येते. एआयला सांगितले की ते फ्रेमवर्कचे सगळे लिहून देते, मग शिकायचे कशाला? मीही रोज वापरते. झटपट लिहिते यात वाद नाही. पण मागच्याच वर्षी त्याने लिहिलेल्या एका हिशेबात तीच जुनी चूक होती, मजकुराला मजकूर चिकटवण्याची. पानभर सुंदर लिहिले होते आणि मधोमध ती ओळ. मला ती दिसली, कारण आईच्या पडद्याबाहेर गेलेली ३७ आकड्यांची रांग मी विसरलेली नाही.

पतपेढीचा शेवटचा हप्ता २०२४ मध्ये फिटला. जामीनकीचा कागद परत मिळाला तो आत्याने फाडला नाही, देवाणघेवाणीच्या डब्यात जपून ठेवला आहे. का, ते विचारले तर म्हणते, राहू दे.

दर रविवारी सकाळी मी वस्तीतल्या अभ्यासिकेत दोन तास बसते. मागच्या महिन्यात एक मावशी मुलाला घेऊन आल्या. मुलगा बारावी झालेला. क्लासचे माहितीपत्रक हातात. तीन महिने, ६० हजार, त्यात तीन-चार फ्रेमवर्कची नावे रंगीत अक्षरांत.

“ताई, घालू का याला? पैशाची सोय होईल, पण तू सांगशील तसं.”

मी म्हटले, “मावशी, घालू नका असं मी म्हणत नाही. पण पैसे दोन महिने थांबवा. तोवर दर रविवारी याला इथं पाठवा आणि रोज रात्री तासभर घरी बसवा. दोन महिन्यांनी त्यालाच विचारा, क्लासमध्ये नेमकं काय शिकायचं राहिलंय. त्याला ते सांगता आलं तर खुशाल घाला.”

मावशींच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली. त्यांना तारीख हवी होती, नोकरी कधी लागेल ती. ती माझ्याकडे नव्हती.

मुलगा येतो आहे. तीन रविवार झाले. पहिल्या दिवशी मी त्याला दहा काड्या दिल्या, लहान-मोठ्या, आणि सांगितले की यातली सर्वांत लांब काढ, पण एका वेळी दोनच हातात धरायच्या, आणि जे करतोस ते मोठ्याने बोलत कर. तो बोलला. मग तेच त्याला वहीत उतरवायला सांगितले, आणि मग कन्सोलमध्ये. परवा त्याने विचारले, “ताई, सगळ्या काड्या सारख्याच असल्या तर?” मी त्याला उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारपर्यंत वहीत लिहून आण म्हटले आहे.